राजहंसगडाच्या पायथ्याला गोठा: नाताळ 2024 च्या प्रकल्प नोंदी

काम: अंगणातला गोठा (येशूजन्माचा देखावा), एक चांदणी (कागदी आकाशकंदील), फराळ. मुदत: 24 डिसेंबर, रात्री मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) निघायच्या आधी. माणसं: मी, ही, आजी (78), थोरली (17, पीयूसी दुसरं वर्ष, म्हणजे बारावी), धाकटा (14, नववी). शेवटची दोन सध्या कागदावरच.

16 नोव्हेंबर, शनिवार

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत पॅटर्न शॉपची (ओतकामाचे नमुने करतात तो विभाग) नोंदवही गेली 19 वर्षं मी लिहितोय. काय बिघडलं, कशानं बिघडलं, किती तास गेले. घरच्या नाताळाची वही कधी लागली नव्हती. पोरं लहान होती तेव्हा नोव्हेंबर संपायच्या आतच गोठ्याच्या मूर्तींचा खोका माळ्यावरून काढा म्हणून पाय आपटायची. गेल्या वर्षी खोका मी काढला, मी मांडला, मीच आवरला. दोघं मिस्सेला आली, फोटोत उभी राहिली, झालं. पुढच्या नाताळाला थोरली कुठल्या गावच्या कॉलेजात असेल कोण जाणे. म्हणून यंदा वही.

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरामधल्या मोकळ्या पट्टीत पोरांनी दिवाळीला केलेला किल्ला अजून उभा आहे. येळ्ळूरचा राजहंसगड. आत विटा नि दगड, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर लाल माती. निम्मा गवंडी आमचा धाकटाच. शेजारच्या वहिनी सकाळी म्हणाल्या, महाराजांची मूर्ती आणि मावळे आत नेऊन ठेवलेत, आता किल्ला मोडून टाका, विंचू-काटा होईल. मी फावडं आणलं. धाकटा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मोडू नको. गोठा याच्याच पायथ्याला करूया. माती आयती आहे."

महिनाभरात त्यानं आपणहून बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य. फावडं परत ठेवलं.

17 नोव्हेंबर, रविवार

वहिनींना विचारलं. किल्ल्यावर गोठा म्हणजे त्यांच्या घरी कोणाला खटकायला नको. त्यांच्या सासूबाईच पुढं झाल्या. "राहू दे की. माती कुणाच्या जातीची असते व्हय?" परवानगी मिळाली. अट एकच, बुरुजाला हात लावायचा नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

ख्रिस्तराजाचा सण, म्हणजे आमच्या धार्मिक वर्षाचा शेवटचा रविवार. जेवणानंतर घरची बैठक. मी 11 कामांची यादी करून आणली होती, प्रत्येकापुढं नाव आणि तारीख. थोरलीनं वाचली आणि परत दिली. "पप्पा, हे तुझं शॉप नाही."

तिच्या अटी: 1 मार्चपासून बोर्डाची परीक्षा आहे, संध्याकाळी 6 ते 10 तिला कुणी हाक मारायची नाही. लहान पोरांबरोबर कॅरल म्हणत दारोदार फिरणार नाही. मिस्सेला कॉयरमधल्या मैत्रिणींबरोबर बसणार. चौघांनी एका रंगाचे कपडे घालायचे नाहीत. धाकट्याची अट: मोबाइल काढून घ्यायचा नाही, कारण चांदणी कशी करायची त्याचे व्हिडिओ त्यातच आहेत. (मागं जेवताना मोबाइल टाकायची टोपली ठेवून पाहिली होती. चार दिवसांत तीत कांदे आले.)

हिनं यादी घेतली आणि फाडली. म्हणाली, ज्यानं जे काम उचललं ते त्याचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, सल्लासुद्धा द्यायचा नाही. हे बोलताना ती माझ्याकडं बघत होती.

धाकट्यानं चांदणी आणि जागा घेतली. थोरली म्हणाली, "बघते." आजीनं विचारलं, बाळयेशू गव्हाणीत कोण ठेवणार? आमच्यात गव्हाण 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी असते आणि मिस्सेहून आल्यावर घरातलं धाकटं मूल बाळ ठेवतं. "मी आता धाकटा नाही," धाकटा म्हणाला. हा मुद्दा तहकूब.

1 डिसेंबर, रविवार

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, सुरू. दर रविवारी एक मेणबत्ती लावायच्या चक्राची पहिली जांभळी मेणबत्ती लावली. आजीची प्रार्थना कोंकणीत चालते, कारण तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं. प्रार्थना संपली की भांडण बेळगावी मराठीत आणि भाजीवालीशी हुज्जत कन्नडमध्ये. पोरांनी यातली कुठली भाषा धरावी हा तिचा कायमचा घोर. पोरं तिघींची मोळी बांधून बोलतात, वर इंग्रजीची गाठ.

4 डिसेंबर, बुधवार

बुरुडाकडून कामट्या आल्या. चांदणीचं गणित सोपं आहे: सारख्या लांबीच्या पाच कामट्या एकमेकींवरून नेऊन पाच टोकं बांधायची, असे दोन सांगाडे. दोन्हींची टोकं एकमेकांना बांधायची आणि मध्ये जिथं कामट्या छेदतात तिथं पाच आखूड काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे पोट फुगतं. धाकट्यानं तीन फुटी कामट्या आणि सहा इंची काड्या घेतल्या. एक टोक 36 अंशाचं यायला हवं. त्याचं एक 30 आणि एक 42 च्या आसपास. मला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. कारखान्यात मी मिलिमीटरच्या भागांवरून पॅटर्न परत पाठवतो. घरात चहा पीत बसलो.

8 डिसेंबर, रविवार

अपघात. आठवड्यानं नळाला पाणी आलं. मोटर लावायचं आणि बंद करायचं काम धाकट्याकडं. मोटर लावली आणि मोबाइल घेऊन बसला. टाकी भरून वाहिली, गच्चीच्या पन्हाळीतून धार थेट राजहंसगडावर. पश्चिमेकडचा बुरुज गेला, गोणपाट उघडं पडलं, खालच्या सपाटीवर चिखलाचं तळं. ज्याला हात लावायचा नाही म्हणून शब्द दिला होता नेमका तोच बुरुज.

मी रागावलो. नको तेवढा. शेजारचा पोरगा कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता, हे नंतर कळलं. धाकटा दार लावून बसला.

9 डिसेंबर, सोमवार

कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं सुरू. सुवर्ण विधानसौधकडं जाणाऱ्या गाड्याच गाड्या, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारल्यामुळं टिळकवाडीत पोलीसच पोलीस. दरवर्षी डिसेंबरात आमचं गाव असं दोन आठवडे कुणा दुसऱ्याचं होतं. कामावरून यायला सव्वा तास लागला. गोठ्याचं काम बंद. घरातही बोलणं बंद.

11 डिसेंबर, बुधवार

काल पहाटे माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा गेले. आज राज्यात सुट्टी. शाळा-कॉलेज बंद, थोरलीचा क्लासही बंद. मी दुपारी घरी आलो तर दोघं चिखलात. शेजारचा पोरगाही.

थोरली कशी खाली उतरली ते हिनं सांगितलं. पुस्तक घेऊन गॅलरीत बसली होती. खाली दोघं पोरं बुरुज परत रचत होती आणि तो परत परत बसत होता. तासभर बघून ती वरूनच ओरडली, "ओल्या मातीवर ओली माती काय टाकूलास? खाली विटा हायत का बघ की!" आणि मग राहवलं नाही, आलीच.

माझ्याजवळ उत्तर होतं. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती मिसळली की ती मूठ धरते, आणि जास्त ओलीही चालत नाही. एक पिशवी आणणं अवघड नव्हतं. पण सल्ला बंद. त्यांनी जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या कापल्या, पातळ चिखलात बुडवून विटांभोवती बँडेजसारख्या गुंडाळल्या, एक थर वाळला की दुसरा. बुरुज उभा राहिला. पहिल्यापेक्षा जाड आणि बुटका झाला, पण शेजारच्या पोरानं मान्य केला.

रात्री थोरलीनं मूर्तींचा खोका स्वतः उघडला. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतलेला प्लॅस्टरचा संच आहे. योसेफचा उजवा हात नाही, एका राजाचं नाक नाही, उंट तीन पायांचा. तिनं सगळ्या मूर्ती उंचीप्रमाणं टेबलावर रांगेत लावल्या, पट्टीनं मोजल्या, वहीत लिहिल्या. मोठ्या पुढं, लहान मागं चढावर, म्हणजे किल्ला लांब वाटेल. 6 ते 10 ची वेळ होती. कुणी काही बोललं नाही.

13 डिसेंबर, शुक्रवार

योसेफला एम-सीलचा हात आला. हातातली काठी उदबत्तीची.

15 डिसेंबर, रविवार

तिसरा रविवार, गुलाबी मेणबत्तीचा. बाजारात जांभळ्या मिळतात, पांढऱ्या मिळतात, गुलाबी मिळत नाही. हिनं पांढरी वितळवून त्यात मेणाच्या खडूचा तुकडा टाकला. रंग आला कच्च्या मटणाचा. लावली.

गोठ्यातल्या हिरवळीची पेरणी आजच झाली. आजीच्या हिशेबानं नाचणी नऊ-दहा दिवस आधी पेरली की नाताळाला दोन-तीन बोटं येते. धाकट्याचा अनुभव किल्ल्याचा, तिथं अळीव आणि मोहरी. अळीव चार दिवसांत हिरवी होते पण लगेच लोळते. शेवटी नाचणी ताटांत, अळीव चढावर आणि तीही 19 ला. थंडी पडली आहे म्हणून ताटं रात्री स्वयंपाकघरात, गॅसच्या बाजूला.

गोठ्याच्या रूपावरून वाद. मला बेथलेहेम हवं होतं: खजुराची झाडं, वाळू, पांढऱ्या भिंती. थोरली म्हणाली, "असिसीच्या फ्रान्सिसनं 1223 मध्ये इटलीत ग्रेच्चो गावात गोठा मांडला, तेव्हा त्यानं काय बेथलेहेम उभं केलं होतं? डोंगरातली तिथलीच गुहा घेतली, तिथलंच गवत, खरा बैल, खरं गाढव. गावच्या लोकांना आपला वाटावा म्हणून. आणि शुभवर्तमानात बैल-गाढव नाहीतच. मेंढपाळ फक्त लूकमध्ये, ज्ञानी लोक फक्त मत्तयमध्ये." एवढं तिला कधीपासून माहीत, विचारलं तर म्हणाली, "आज दुपारी." तर छपराला खानापूरच्या कौलाचे तुकडे येणार, मेंढपाळ घोंगडीवाले धनगर, आणि मागं राजहंसगड. मला अजूनही खजुराची झाडं हवी आहेत. मत नोंदवून ठेवतो.

18 डिसेंबर, बुधवार

चांदणीची चाचणी. धाकट्यानं ऑनलाइन पाच मीटरची एलईडी पट्टी मागवली, 12 व्होल्टची, मीटरला 14.4 वॅट. सगळी गुंडाळून सांगाड्यात बसवली आणि जोडली जुन्या राउटरच्या अडॅप्टरला. हिशेब करा: पाच मीटर म्हणजे 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर. अडॅप्टर 1 अँपिअरचा.

मला जोडतानाच माहीत होतं. बोललो नाही, कारण शब्द दिला होता. पण कागदी चांदणी आणि वीज, म्हणून अडॅप्टर खिडकीत फरशीवर ठेवायला लावला आणि स्वतः बटणावर हात ठेवून उभा राहिलो. पट्टी मंद पेटली, लुकलुकली, मग वास आला. बंद केलं. अडॅप्टर गेला, बाकी काही नाही. धाकटा माझ्याकडं बघून म्हणाला, "तुला माहीत होतं." हो म्हटलं. "मग सांगितलं का नाहीस?" 8 तारखेला ओरडलो तेव्हाही याच तोंडानं बघत होता. मी केलं ते बरोबर की चूक, अजून ठरलेलं नाही.

रात्री त्यानं स्वतः आकडा काढला. पट्टी दर तीन दिव्यांनंतर कापता येते. दोन मीटर ठेवली, म्हणजे 2.4 अँपिअर. नवा अडॅप्टर 5 अँपिअरचा, पैसे त्याच्या वाढदिवसाच्या पाकिटातले. मी देऊ केले, घेतले नाहीत.

21 आणि 22 डिसेंबर

फराळ. हे काम हिचं आणि आजीचं, पण कुलकुल दोघींच्यानं होत नाहीत. दोन किलो मैदा, अर्धा किलो बारीक रवा, तीन नारळांचं घट्ट दूध, तूप, मीठ. सुपारीएवढी गोळी नव्या फणीच्या दातांवर दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळत आणायची, म्हणजे शंखासारखी वळी होते. पाचशेच्या वर वळ्या.

पांगुळ गल्लीतून सहा नव्या फण्या आणल्या. दुपारी चारला घरात आठ पोरं: आमची दोन, शेजारची दोन, थोरलीच्या चार मैत्रिणी. त्यांतल्या तिघी ख्रिस्ती नाहीत. एकीनं कुलकुल कधी पाहिलेही नव्हते. ती म्हणाली, ही तर शंकरपाळी, फक्त कुबड आलेली. पहिली शंभर कुलकुल बघण्यासारखी झाली. पुढच्या शंभरात स्पर्धा लागली, मग एकीनं गोळी फणीवर न दाबता नाकावर लावून फोटो काढला, आणि तिथून शिस्त गेली. साप झाले, कासव झालं, एक मोबाइल झाला. आजीनं आधी डोळे वटारले, मग स्वतः एक कोंबडा केला आणि तोच सगळ्यांत चांगला झाला. तळताना साप तुटले.

कढया दोन. एकीत अंडं किंवा मासळी कधी पडलेली नाही, ती पलीकडच्या लिंगायत अज्जींच्या आणि शाकाहारी घरांच्या फराळासाठी. केकही एक बिनअंड्याचा. हे आमच्या सासूसुनेच्या वेळेपासून चालत आलंय, मुलांना समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. काल एका मैत्रिणीनं झारा या कढईतून त्या कढईत घातला, तर धाकट्यानंच तो हातातून काढून घेतला. "तो अज्जींचा."

नेवऱ्या (करंज्या) 84. सारणात आजीचा हात जास्त पडल्यानं 11 फुटल्या. फुटलेल्या जागेवर संपल्या.

24 डिसेंबर, मंगळवार

गोठा सायंकाळी 5 ला पूर्ण. नाचणी दीड बोटच आली, थंडीनं मारलं. चांदणी अजून वाकडीच आहे, एक टोक खानापूरच्या दिशेनं जास्त लांब. पेटवली. विधिमंडळाचं अधिवेशन संपलं तरी गावात रोषणाई आहे, 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीची, त्यामुळं चांदणी एकटी उठून दिसेना. धाकट्यानं शेजारच्यांना त्यांच्या अंगणातला दिवा मालवायला लावला.

मिस्सा कॅम्प भागातल्या चर्चमध्ये. थोरली कॉयरमध्ये वर, धाकटा मित्रांबरोबर मागं उभा. आमच्या बाकावर आम्ही तिघंच. आजी दर पाच मिनिटांनी वळून बघत होती. मीही. वरून आवाज येत होते, त्यात तिचा कुठला ते कळेना.

परत आलो दीड वाजता. बाळ कोण ठेवणार? धाकटा परत तेच म्हणाला. मग थोरलीनं सुचवलं, शेजारची पाच वर्षांची आहे, ती आता झोपली असेल, सकाळी ठेवेल. आजीला पटलं नाही. येशू जन्मला आणि गव्हाण रिकामी? रात्रभर तिच्या खोलीतला दिवा चालू होता.

25 डिसेंबर, बुधवार

सकाळी 7 ला शेजारची धाकटी नव्या फ्रॉकवर स्वेटर घालून आली. बाळ दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभी राहिली आणि मग ते गव्हाणीत न ठेवता बुरुजावर ठेवलं. "इथून सगळं दिसतंय त्याला." कुणी हलवलं नाही. आजीनं फक्त वरून गवताच्या दोन काड्या टाकल्या.

14 घरी ताटं गेली. वाटायला या वर्षी दोघं गेली, न सांगता. यातलं कारण मला माहीत आहे: मागच्या आठवड्यातल्या चारही मैत्रिणींच्या घरची ताटं त्यांत होती. ताट रिकामं परत येत नाही. एका घरून तिळाच्या वड्या, एका घरून कुंदा, अज्जींकडून साखर आणि एक नारळ.

27 डिसेंबर, शुक्रवार

काल पोरं रोषणाई बघायला टिळकवाडीत गेली. 1924 च्या 26 आणि 27 डिसेंबरला तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन. पाण्यासाठी तेव्हा खोदलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर. रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. आजचा मोठा मेळावा रद्द, शाळांना सुट्टी. थोरलीनं सकाळपासून दोन धडे संपवले.

31 डिसेंबर, मंगळवार

कॅम्पात वर्षाखेरीला ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायची जुनी रीत. आता गल्लोगल्ली तयार पुतळे विकायला येतात, पण आमच्या पोरांनी घरीच केला. आत गवत, डोकं मडक्याचं, काठी, टोपी. जवळ जाऊन पाहिलं तर अंगात माझा जुना कारखान्याचा गणवेश. खिशावर टोकन नंबरसुद्धा तसाच. "मम्मीनंच दिला," दोघं एकदम म्हणाली. मी बाराला काडी लावली. पँट लवकर पेटली, शर्ट वेळ लावून.

6 जानेवारी 2025, सोमवार

तीन राजांचा सण झाला, आवराआवर. नाचणी आणि अळीव पलीकडच्या शेळीला. माती तिथंच, बुरुजही तिथंच. मुलांनी तो पुढच्या दिवाळीपर्यंत टिकवायचा असं ठरवलंय. म्हणजे पहिल्या पावसापर्यंत.

थोरलीनं जाडजूड फाइल करून दिली: प्रत्येक मूर्तीची उंची, कुठली कुठं, चढाचा उतार, पट्ट्या किती थर. धाकट्याला म्हणाली, "मी नसले तर फोन करू नकोस. यात बघ." तो फाइल घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी परत आला. तीन पायांचा उंट कुठल्या खोक्यात ते तिनं लिहिलं नव्हतं.

खोके तीन. पहिल्यावर थोरलीचं अक्षर: मूर्ती. दुसऱ्यावर माझं: तारा, अडॅप्टर. तिसऱ्यावर धाकट्यानं जाड मार्करनं लिहिलंय: आधी मोटर बंद कर.